कोकोसहून रॉड्रिग्जला, ३८ फुटी बोटीतून

शिडाच्या बोटीने हिंदी महासागर ओलांडून पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हा टप्पा येतो, कोकोस कीलिंग बेटांपासून रॉड्रिग्जपर्यंतचा. कोकोस ऑस्ट्रेलियाचं, रॉड्रिग्ज मॉरिशसचं, आणि मधे साधारण २००० सागरी मैल नुसतं पाणी. आम्ही तिघं होतो, दादा, वहिनी आणि मी. बोट दादाची, ३८ फुटी, एका डोलकाठीची, जुन्या पद्धतीची लांब कील, म्हणजे तळाचा जड कणा, असलेली. दादा-वहिनी कित्येक वर्षं बोटीवरच राहतात, मी त्यांच्याबरोबर आधी थोडंफार फिरले होते पण एवढा लांबचा आणि एवढा खवळलेला समुद्र पहिल्यांदाच.

हा टप्पा एवढा बेकार का आहे ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुलै ते सप्टेंबर इथे आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात, २५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) तर रोजचंच आणि ३० च्या वर कधीही. त्याच महिन्यांत खाली दक्षिण महासागरात हिवाळ्यातली वादळं एकामागून एक चाललेली असतात, त्यांनी उठवलेला स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा, हजारो किलोमीटर वर येतो. म्हणजे वाऱ्याच्या लाटा डाव्या बाजूने मागून येतात आणि हा लांबचा स्वेल डाव्या बाजूनेच पण थोडा पुढून, दोन्ही एकमेकांना छेदतात आणि मधेच एखादी लाट दुसरीवर चढून नुसती उभी राहते आणि कोसळते. वारा एकट्याने एवढा त्रास देत नाही. एकाच दिशेच्या चार मीटरच्या लाटांची बोटीला सवय होते, माणसालाही होते, पण इथे लयच सापडत नाही. उजवीकडे दोनदा कलली म्हणून तुम्ही तिसऱ्यांदा पाय रोवता आणि ती नेमकी डावीकडे जाते. बरं, थांबून चांगल्या हवेची वाट बघायची तर नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा सीझन, त्याच्या आत हा महासागर मागे टाकायचा असतो. त्यामुळे जायचं ते असंच.

निघाल्यावर पहिले दोन-तीन दिवस बोट लागते, म्हणजे मळमळ, उलट्या. आतला कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात समोरची भिंत जागेवर आहे, आणि मेंदूला दोन्ही पटत नाही. म्हणून केबिनमध्ये जास्त त्रास होतो आणि वर क्षितिजाकडे बघत सुकाणू धरलं की बरं वाटतं. गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. आणि पाणी पीत राहायचं, घोट घोट. थंडी, भूक आणि झोप नसणं, या तिन्हींनी ते वाढतं, हे मला वहिनीने पहिल्याच रात्री सांगितलं आणि जबरदस्तीने कोरडी बिस्किटं खायला लावली. तेव्हा राग आला होता पण तिचं बरोबर होतं.

आमचे पहारे रात्री तीन-तीन तासांचे, तीन तास वर आणि सहा तास खाली. ऐकायला सहा तास खूप वाटतात. पण त्यातला अर्धा तास ओले कपडे उतरवण्यात जातो, परत चढवायला अर्धा तास, मधे शीड कमी करायला एकट्याला जमण्यासारखं नसेल तर हाक येते, आणि उरलेल्या वेळात झोप लागेलच असं नाही. पुढच्या केबिनमधला बिछाना पहिल्याच दिवशी सोडून दिला, तिथे माणूस अक्षरशः हवेत उडतो. सगळ्यात कमी हलते ती बोटीच्या मधली जागा, म्हणून आम्ही तिघंही आळीपाळीने त्याच दोन बाकांवर झोपायचो. बाकाच्या उघड्या बाजूला ली-क्लॉथ, म्हणजे जाड कापडाचा पडदा खालून बांधून वर हुकांना ताणलेला, त्यात शिरायचं आणि पाठीशी उशी, पोटाशी उशी असं स्वतःला घट्ट कोंबून घ्यायचं. शरीर लोळत राहिलं तर स्नायू रात्रभर काम करत राहतात आणि झोपून उठलं तरी दमलेलंच वाटतं. हे एकदा समजलं की मग उशा लावण्यात पाच मिनिटं घालवायचा कंटाळा येत नाही.

आवाजाबद्दल कोणी आधी सांगत नाही. वर वारा असतो, पण खाली जास्त आवाज. टाकीतलं पाणी डचमळतं, कपाटातले डबे एकमेकांवर आपटतात, लाकडी पार्टिशन कुरकुरतं, आणि मधेच लाट बाजूवर आदळली की सगळी बोट थरथरते. एक डबा कुठेतरी टकटक करत असतो आणि तो सापडेपर्यंत डोकं फिरतं. सापडला की त्याच्याभोवती मोजा गुंडाळायचा. आमच्या बोटीवर शेवटी शेवटी पायात घालायला मोजे कमी आणि डब्यांना जास्त झाले होते. पण तेच आवाज ऐकून खाली पडल्या पडल्या कळायला लागतं वर काय चाललंय, वारा वाढला, शीड फडफडलं, विंडवेनची, म्हणजे आपोआप सुकाणू सांभाळणाऱ्या यंत्राची, दोरी कुरकुरली, सगळं.

स्वयंपाक मुख्यतः वहिनी आणि मी करायचो, दादा भांडी. गॅसची शेगडी गिंबलवर असते, बोट कलली तरी ती सपाट राहते, पण अचानक झटका बसला तर भांडं उडतंच. म्हणून खोल प्रेशर कुकर सगळ्यात चांगला, झाकण लॉक होतं, पडला तरी सांडत नाही. कमरेला पट्टा बांधून स्वतःला ओट्याशी अडकवायचं, आणि कितीही उकडलं तरी वॉटरप्रूफ पँट आणि बूट घालूनच शेगडीसमोर उभं राहायचं. उकळतं पाणी मांडीवर सांडणं ही भर समुद्रात मोठी गोष्ट आहे, डॉक्टर हजार मैलांवर. कप कायम अर्धाच भरायचा. जेवण एका खोल वाडग्यात, चमच्याने, एक हात कायम रिकामा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत गरम पाण्याचे थर्मास भरून ठेवायचे म्हणजे रात्री पहाऱ्यावरच्या माणसाला शेगडी पेटवावी लागत नाही. हे सगळं बारीकसारीक वाटतं ना? पण रात्री दोन वाजता ओलं होऊन खाली आल्यावर कोणीतरी भरून ठेवलेला थर्मास मिळणं यापेक्षा मोठी मदत मला आठवत नाही.

टॉयलेटला जाणं हे एक वेगळंच काम. सगळ्यांनी बसूनच, पुरुषांनीसुद्धा, त्यात चर्चा नाही. एक पाय समोरच्या भिंतीला, डोकं बाजूच्या भिंतीला, एका हाताने हँडल, आणि दुसऱ्या हाताने पंप मारायचा. त्याआधी सगळे थर उतरवायचे, हार्नेस (बोटीला अडकवायचा छातीवरचा पट्टा), जॅकेट, पँट. या त्रासाला कंटाळून माणूस पाणी कमी प्यायला लागतो, आणि मग डोकं दुखतं, लघवी गडद होते, चिडचिड होते. दादाने म्हणून प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी ठेवली होती आणि पहारा बदलताना ती दाखवायची. मला आधी शाळेसारखं वाटलं, नंतर पटलं.

आणि ओल. खाऱ्या पाण्याने भिजलेलं कापड वाळत नाही, मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं, दुपारी कोरडं वाटलेलं जॅकेट रात्री परत चिकट. त्यावर बसून बसून पार्श्वभागाला पुरळ आणि फोड येतात, हे सगळ्यांनाच होतं आणि कोणी बोलत नाही. उपाय एकच, दिवसातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, पूर्ण कोरडं करायचं, पावडर, आणि झोपायचे कपडे कधीच वर न्यायचे नाहीत. एक कोरडा सेट प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त झोपेसाठी. तो जपायचा म्हणजे जपायचा.

वर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, नियम एकच होता आणि तो कधीच मोडला नाही. दारातून बाहेर पाय टाकायच्या आधी हार्नेसचा हुक अडकवायचा, आत आल्यावरच काढायचा. आणि रात्री कॉकपिटच्या बाहेर डेकवर कोणी एकट्याने जायचं नाही, आधी दुसऱ्याला उठवायचं. कारण या समुद्रात माणूस पाण्यात पडला तर दुसऱ्या लाटेमागे त्याचं डोकं दिसेनासं होतं, आणि मागून वारा असताना शिडं उतरवून बोट परत फिरवेपर्यंत बोट कुठल्या कुठे जाते. पडायचंच नाही, एवढा एकच उपाय खरा.

वाऱ्याचंही एक गणित आहे जे तिथे अंगावर येतं. वारा २० चा ३० झाला की दीडपट झाला असं वाटतं, पण त्याचा दाब वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पट. आणि वारा मागच्या बाजूने असला की बोटीचा स्वतःचा वेग त्यातून थोडा वजा होतो, त्यामुळे आपल्याला तो कमी भासतो आणि माणूस शीड कमी करायला उशीर करतो. आम्ही चौथ्या-पाचव्या दिवसापासून मेनसेलला (मुख्य शिडाला) तिसरी रीफ, म्हणजे ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत बांधून लहान केलेलं, आणि पुढे स्टेसेल हे लहान शीड एवढ्यावरच चाललो होतो, तरी बोट सहा-सात नॉटने पळत होती. हवामानाच्या फाइल सॅटेलाइट फोनवरून दिवसातून एकदा यायच्या, त्यात लाटा साडेतीन-चार मीटर. पण तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येते. वाट बघत बसलं की येतेच.

ती आली रात्री दोनच्या सुमारास, माझ्या पहाऱ्यात. सुकाणू आमचं विंडवेन सांभाळायचं, म्हणजे मागे लावलेलं वाऱ्यावर चालणारं यंत्र, त्याच्या पात्याला वाऱ्याची दिशा बदललेली कळते आणि पाण्यातलं छोटं पातं दोन दोऱ्यांनी सुकाणूचा दांडा ओढतं. वीज लागत नाही, दमत नाही, तक्रार करत नाही, आम्ही त्याला चौथा माणूसच धरलं होतं. त्याची एक दोरी कप्पीपाशी आतून झिजली होती, बाहेरून दिसत नव्हती, रोज संध्याकाळी टॉर्च मारून बघूनसुद्धा. ती तुटली. बोट एकदम वाऱ्याकडे वळली, आडवी झाली, आणि नेमकी त्याच वेळी मोठी लाट डाव्या बाजूवर कोसळली. मला एवढंच आठवतं की माझे पाय खाली नव्हते आणि छातीला पट्टा कचकन बसला, मग कॉकपिट काठोकाठ भरलेलं आणि मी त्यात कमरेपर्यंत. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोच्या वर असतं, त्यातलं किती अंगावर आलं देव जाणे. बोट मात्र हळूहळू सरळ झाली, पाणी मागच्या भोकांमधून घुटघुट करत गेलं, मी सुकाणूचा दांडा पकडला आणि तिला परत वाऱ्याच्या पुढे घातलं. दारात खालच्या दोन फळ्या लावलेल्या होत्या म्हणून आत बादलीभरच गेलं.

दादा वर आला तो बूट न घालता. "अगं लागलं का तुला?" "नाही, विंडवेन गेलंय." त्याने मागे वाकून टॉर्चने बघितलं आणि म्हणाला आत्ता अंधारात मागे लटकून दोरी ओवायची नाही, सकाळपर्यंत हाताने चालवू. इलेक्ट्रिक ऑटोपायलट होता पण तो असल्या लाटांमध्ये उशिराच जागा होतो आणि बॅटरी खातो. मग आळीपाळीने, अर्धा अर्धा तास. मागून येणारी लाट अंधारात दिसत नाही, फक्त ऐकू येते, आधी फस्स असा लांबचा आवाज, मग मागचा भाग वर उचलला जातो, आणि त्याच क्षणी दांडा ओढायचा, उशीर झाला की परत आडवी. अर्ध्या तासाने खांदे हलत नव्हते. भीती वाटली का तर हो, पण खरं सांगायचं तर तेव्हा भीतीला जागाच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, भांडी पुसताना, आणि मी बराच वेळ रडले. वहिनी जवळ बसली, काही बोलली नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रात्रीबद्दल नाही, त्याच्या सकाळबद्दल. उजाडलं तेव्हा बोटीला काही म्हणजे काहीही झालेलं नव्हतं. डोलकाठी जागेवर, शिडं शाबूत, एक दोरी सोडली तर सगळं ठीक. आणि आम्ही तिघं मात्र संपलेलो. वहिनीने खालून दादाला दोन प्रश्न विचारले, त्याने दोन्हींना चुकीची उत्तरं दिली. मग तो रीफची दोरी हातात घेऊन नुसता बघत उभा राहिला, जी दोरी तो झोपेत ओळखेल ती कुठे अडकवायची हे त्याला आठवत नव्हतं. वहिनी वर आली आणि म्हणाली, "अहो, थांबूया. हीव्ह-टू करा." तो म्हणाला वारा चांगला आहे, दिवस फुकट जाईल. ती म्हणाली, "कोण वाट बघतंय आपली तिकडे? बोटीला काही झालेलं नाही, आपल्याला झालंय."

हीव्ह-टू म्हणजे समुद्रात बोट उभी करणं, नांगर न टाकता. लाटांमध्ये जरा उसंत मिळाली की बोट वाऱ्याकडे वळवायची, वाऱ्याच्या पलीकडे न्यायची पण पुढचं शीड सोडायचं नाही, ते उलट्या बाजूने वारा घेतं आणि बोटीचं नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं, मेनसेल आणि सुकाणू तिला परत वाऱ्याकडे ढकलतात, या ओढाताणीत ती वाऱ्याशी ५०-६० अंशात तिरकी राहून नुसती हळूहळू सरकत राहते. वळताना ती काही सेकंद लाटांना आडवी असते, तेवढाच धोका, म्हणून रात्री दादाने ते केलं नव्हतं. लांब कीलच्या बोटीला हे छान जमतं.

आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. आवाज बंद. म्हणजे वारा तोच, लाटा त्याच, पण बोट त्यांच्यापुढे पळत नव्हती, लाट आली की वर चढायची आणि उतरायची. बोट आडवी सरकत जाते तेव्हा वाऱ्याच्या बाजूला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा मागे राहतो आणि येणाऱ्या काही लाटा तिथे येऊन जरा नरम पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलं. वहिनीने गरम जेवण केलं, पहिल्यांदाच तिघं एकत्र बसून जेवलो. मग दादाला झोपायला पाठवलं, तो सात तास हलला नाही. आम्ही दोघी आळीपाळीने दारातून बघत राहिलो, एआयएसचा, म्हणजे जवळची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राचा, अलार्म चालू, जहाजं तिथे फार कमी येतात. दादा उठल्यावर त्याने विंडवेनच्या दोन्ही दोऱ्या बदलल्या, एक तुटली होती तरी दोन्ही. उठल्यावर ते काम त्याने अर्ध्या तासात केलं, सकाळी त्याच्याच्याने झालं नसतं आणि कदाचित तो पाण्यात गेला असता.

१९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत हेच दिसलं होतं. ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धक गेले, २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या, आणि त्यातल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या रिकाम्या बोटी नंतर तरंगताना सापडल्या. लाइफराफ्टमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या फुगवत्या तराफ्यात, उतरलेल्यांपैकी काही जण वाचले नाहीत आणि त्यांची बोट मात्र वाचली. म्हणून राफ्टमध्ये जायचं ते बोट पायाखालून जात असेल तेव्हाच असं सगळे सांगतात. आपले भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांचं २०१८ चं उदाहरण आहे, याच महासागरात पण बरंच दक्षिणेला, एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत. डोलकाठी मोडली, बोट तरंगत होती, पण पाठीच्या मणक्यांना एवढा मार बसला की त्यांना हलता येईना आणि शेवटी फ्रेंच जहाजाने उचललं. नंतर तेच परत त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. वहिनी नेहमी म्हणते की बोटीचं इन्शुरन्स सर्वेक्षण होतं, माणसांचं रोज करावं लागतं. त्या दिवसानंतर आमच्या लॉगबुकमध्ये वारा आणि वेगाच्या बाजूला तिने एक रकाना वाढवला, कोण किती झोपलं. सलग दोन आकडे चार तासांच्या खाली गेले की थांबायचं, चर्चा नाही. पुढे आम्ही आणखी एकदा थांबलो, वारा फार नव्हता, फक्त आकडे वाईट होते. मला तो निर्णय सगळ्या प्रवासातला सगळ्यात शहाणा वाटतो.

पुढचे दिवस तसेच गेले, पण जमायला लागलं. सकाळी डेकवर फिरून उडते मासे समुद्रात टाकायचे, प्रत्येक दोरी कप्पीपाशी दोन-तीन इंच पुढे सरकवायची म्हणजे एकाच जागी झिजत नाही, खाली पडलेला एखादा स्क्रू दिसला की तो कुठला ते सापडेपर्यंत सोडायचं नाही. घड्याळाची एक गंमत म्हणजे कोकोस आणि रॉड्रिग्ज यांच्यात अडीच तासांचा फरक, तो मधे मधे वाटून घ्यायचा, आणि जास्तीचा अर्धा तास पहाऱ्यात कोणाच्या वाट्याला यायचा यावर भांडण ठरलेलं.

रॉड्रिग्ज दिसलं ते दुपारी उशिरा. बेटाभोवती प्रवाळाचं मोठं कडं आहे आणि पोर्ट माथुरिन बंदरात त्यातून एका खुणा लावलेल्या वाटेने आत जायचं असतं, अंधारात नवख्याने जाऊ नये. सगळ्यांना आंघोळ हवी होती, जमीन हवी होती, मला तर फारच, तरी दादाने रकाने बघितले, वहिनीकडे बघितलं आणि बेटाच्या उत्तरेला आडोशाला परत हीव्ह-टू केलं. तिथे स्वेल अडतो, त्यामुळे ती रात्र आम्ही बऱ्यापैकी झोपलो. सकाळी व्हीएचएफ रेडिओवर बंदराला कळवलं, आत गेलो, दोर बांधले. अधिकारी कागद घेऊन बोटीवर आले तेव्हा मला उभं राहताना टेबल धरावं लागत होतं, बोट स्थिर होती आणि मी हलत होते.

दोन दिवस फक्त धुणं. गाद्या, जॅकेट, दोऱ्या, सगळं गोड्या पाण्यातून काढलं. विंडवेनच्या कप्प्या सोडवून बघितल्या, एकीच्या कडेला धार आली होती, दोरी तिथेच कापली गेली होती, ती कप्पी बदलली. पुढे मॉरिशसपर्यंत साडेतीनशे मैलांच्या आसपास आहे, त्यासाठी मापात कापून, टोकं वितळवून दोन जास्तीच्या दोऱ्या दाराशेजारच्या खिशात ठेवल्या, हात घातला की मिळतील अशा.